मिजाज आणि मिजास

उर्दू शाळेत नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळी मस्टरवर सही करायला येणारा प्रत्येक शिक्षक आधी फाटकाजवळ शिपाईचाचांपाशी थांबत असे आणि हळूच विचारत असे, ‘‘चाचा, मिजाज कैसा है?’’ मला फार बरे वाटले. एका शिपायाची खुशाली सगळा स्टाफ रोज विचारतो, केवढी ही अदब! चार-सहा दिवसांनी कळले की हा प्रश्न चाचांच्या मिजाजाविषयी नव्हताच. तो आत केबिनमध्ये बसलेल्या सदर मुदर्रिसांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या मिजाजाविषयी होता.

चाचांजवळ हा मिजाज ओळखण्याची साधने होती. सदरसाहेबांनी स्कूटर स्टँडवर लावली की आपटली, सकाळचा चहा संपवला की अर्धा ठेवला, बेल एकदा वाजवली की लागोपाठ तीनदा, यावरून ते अंदाज बांधत आणि एका शब्दात सांगत, ‘‘ठीक’’, ‘‘गरम’’ किंवा ‘‘आज रहने दो’’. त्या शब्दावर आमचा दिवस ठरे. ‘ठीक’ असेल तर रजेचे अर्ज, वैद्यकीय बिले, सहलीचा प्रस्ताव असे सगळे त्याच दिवशी आत जाई. ‘गरम’ असेल तर माणसे सही करून मागच्या जिन्याने थेट वर्गावर. आणि ‘रहने दो’ म्हटले की कागद पुन्हा पिशवीत. पाच वर्षे मी या अंदाजावर नोकरी केली. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी एखादी शाळा, एखादी कचेरी, एखादी बँक वाचकांच्याही ओळखीची असेलच.

मिजाज हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ मिश्रण. युनानी वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांच्या मिश्रणातून माणसाची प्रकृती बनते असे मानतात. त्या मिश्रणाला मिजाज म्हणतात. उर्दूत त्याचा अर्थ स्वभाव, मनाची अवस्था असा झाला आणि ‘मिजाज शरीफ?’ ही खुशाली विचारण्याची रीत झाली. हाच शब्द मराठीत आला आणि ‘मिजास’ झाला. मराठीत मिजास म्हणजे तोरा, घमेंड. एकाच शब्दाचे हे दोन संसार मला नेहमी विचारात पाडतात. मिजाज सगळ्यांनाच असतो. शिपायाला असतो, शिक्षकाला असतो, पाचवीतल्या मुलालाही असतो. पण मिजास फक्त तोच करू शकतो ज्याच्या हातात दुसऱ्याचे काही तरी अडकलेले आहे. अधिकाराच्या खुर्चीवर बसले की मिजाजाची मिजास व्हायला वेळ लागत नाही, आणि गंमत म्हणजे बसलेल्याला तो आपला मिजाजच वाटत राहतो.

म्हणून या लेखात एक साधा प्रश्न विचारायचा आहे. प्रमुखाचा राग, त्याची खिन्नता, त्याची चिडचिड ही त्याची खासगी बाब आहे काय? की खुर्चीबरोबर तीही सार्वजनिक होते आणि तिचा हिशेब त्याने द्यायला हवा?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग सांगते. 2014 च्या हिवाळ्यातला. दहावीचे बोर्डाचे फॉर्म जाऊन झाले होते आणि दुरुस्तीसाठी प्री-लिस्ट शाळेत आली होती. आमचे लिपिक मोठे काटेकोर. जनरल रजिस्टरशी ताळा करताना त्यांना दिसले की एका मुलाच्या जन्मतारखेत वर्ष चुकले आहे. चूक शाळेचीच होती. दुरुस्तीला दोन दिवस होते. मुख्याध्यापकांची सही आणि एक पत्र, एवढेच काम. पण त्या दिवशी सकाळीच साहेबांनी एका शिक्षकाच्या अंगावर फाईल भिरकावली होती आणि चाचांनी ‘रहने दो’ सांगितले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. लिपिकांनी तो कागद टेबलाच्या खणात ठेवला. मनात म्हणाले असतील, उद्या मिजाज बघून नेऊ. त्या उद्याची मुदत टळून गेली. मग तर तो कागद नेणे आणखीच कठीण झाले, कारण आता चुकीबरोबर उशीरही सांगायचा होता. मार्चमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला आणि प्रमाणपत्रावर तो मुलगा एक वर्षाने मोठा झाला.

यात गुन्हेगार कोण? लिपिकांनी कर्तव्यात कसूर केली हे उघडच आहे, आणि चौकशीत तेच नोंदले गेले. सदरसाहेबांना तर खरोखर काहीच माहीत नव्हते. ते शपथेवर सांगू शकले असते की माझ्यासमोर कागद आलाच नाही. आणि ते खरेच होते. कागद का आला नाही, हा प्रश्न मात्र कुठल्याही चौकशीच्या नमुन्यात नसतो.

अधिकाऱ्याच्या रागाचे पहिले काम असे होते. तो बातमी अडवतो. रागाने माणसे दुखावतात, अपमानित होतात हे आपण बोलतो. पण त्याहून नुकसानीची गोष्ट ही की रागीट प्रमुखाच्या कानापर्यंत वाईट बातमी पोचत नाही. त्याला वाटते, माझ्या धाकाने सगळे सुरळीत चालले आहे. प्रत्यक्षात धाकाने सगळे सुरळीत दिसत असते.

विमानवाहतुकीच्या इतिहासात याचा भयंकर पुरावा आहे. 27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर दोन बोइंग 747 विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मेली. त्या दिवशी दुसऱ्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे विमाने इकडे वळवली होती. तासन् तास खोळंबा, वर दाट धुके. डच विमानाचे कप्तान याकोब व्हान झांटेन हे त्यांच्या कंपनीतले अत्यंत मान्यवर वैमानिक, इतर वैमानिकांना शिकवणारे. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपत आली होती आणि निघण्याची घाई होती. उड्डाणाची स्पष्ट परवानगी मिळण्यापूर्वीच त्यांनी विमान धावपट्टीवर पळवायला सुरुवात केली. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. समोरचे अमेरिकन विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही काय, असे त्याने विचारले. कप्तानांनी ठासून सांगितले की झाले आहे. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. काही सेकंदांत सगळे संपले.

या अपघाताला धुके, रेडिओवरचा गोंधळ, परवानगीच्या वाक्यातली संदिग्धता अशी पुष्कळ कारणे होती. एकट्या कप्तानांवर सगळे ढकलणे अन्यायाचे होईल. पण कॉकपिटमध्ये ज्याला शंका आली त्याने ती एकदाच, तीही प्रश्नाच्या रूपात मांडली आणि ठाम उत्तर मिळाल्यावर तो गप्प बसला, ही गोष्ट जगभरच्या विमानकंपन्यांना हादरवून गेली. 1979 मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि 1980 च्या दशकात वैमानिकांना एक नवे शिक्षण देणे सुरू झाले. विमान कसे उडवावे हे त्यांना येतच होते. शिकवायचे होते ते असे, की कनिष्ठाने शंका ठामपणे कशी बोलावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी. एवढी साधी गोष्ट शिकवायला एवढी माणसे मरावी लागली.

आमच्या लिपिकांचा खण आणि तो कॉकपिट यांत अंतर फार आहे, पण यंत्रणा एकच आहे. एकीकडे 583 जीव गेले, दुसरीकडे एका मुलाचे एक वर्ष. दोन्ही ठिकाणी ज्याला माहीत होते तो वरच्याचा चेहरा बघून गप्प बसला.

हार्वर्डच्या प्राध्यापिका एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. त्यांची अपेक्षा होती की जिथे माणसे मिळून-मिसळून काम करतात त्या वॉर्डांत चुका कमी असतील. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. जिथल्या प्रमुख परिचारिकेची भीती वाटे तिथे चूक दडवली जाई. हे वाचल्यापासून ‘आमच्याकडे काहीच तक्रार नाही’ असे कुणी अभिमानाने सांगितले की मला त्या खणाची आठवण येते.

बी.एड.च्या अभ्यासात आम्हाला नेतृत्वाचे प्रकार असतात. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा 1939 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग परीक्षेत हमखास येतो. अमेरिकेतल्या आयोवा येथे दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. काही गटांना हुकूम सोडणारा प्रमुख, काहींना विचारून चालणारा, काहींना काहीच न करणारा. आम्ही ‘हुकूमशाही, लोकशाही, अनिर्बंध’ असे तीन मुद्दे पाठ करून पाच गुण मिळवले आणि विसरलो. पुढे वर्गावर उभे राहिल्यावर त्यातल्या दोन गोष्टींचा अर्थ कळला. पहिली अशी की हुकूमशहा खोलीत असेपर्यंत मुले काम करत आणि तो बाहेर गेला की काम ढेपाळे. दुसरी अशी की त्या गटातली मुले प्रमुखावर रागावत नसत, एकमेकांवर रागावत. एखाद्या दुबळ्या मुलाला सगळे मिळून धरत.

हेच रागाचे दुसरे काम. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. आणि इथे मला स्वतःचा हिशेब द्यायला हवा. त्याच वर्षातली गोष्ट. सदरसाहेबांनी मला पालकांच्या देखत टाचण अपूर्ण असल्याबद्दल बोल लावले. माझे डोळे भरून आले. मी काही बोलले नाही. पुढच्या तासाला सहावीच्या वर्गात एका मुलीची वही घरी राहिली होती. मी तिला उभे केले आणि जे शब्द मला वीस मिनिटांपूर्वी ऐकवले गेले होते, जवळजवळ त्याच शब्दांत, त्याच सुरात तिला बोलले. बोलता बोलता मलाच माझा आवाज ओळखीचा वाटला. तो सदरसाहेबांचा आवाज होता. मधल्या सुट्टीत त्या मुलीला मी बाहेर पाहिले. ती आपल्या धाकट्या भावाच्या पाठीत धपाटा घालत होती.

केबिन ते मैदान हे अंतर पन्नास पावलांचे. एका माणसाचा राग अर्ध्या तासात तिसऱ्या इयत्तेतल्या मुलाच्या पाठीपर्यंत पोचला. मधला टप्पा मी होते. तेव्हापासून ‘साहेब असे आहेत म्हणून आम्ही असे’ हे वाक्य मला अर्धेच खरे वाटते. पाणी उतारावरून वाहते हे खरे, पण मी दगडी उतार नव्हते. मला थांबता आले असते.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकायला हवे, कारण तिच्यातही तथ्य आहे. अधिकारी हाही माणूसच. त्याच्या घरी आजारपण असेल, कर्ज असेल, वरून जिल्ह्याच्या कचेरीचा दबाव असेल. त्याने सदैव हसतमुख असावे ही अपेक्षा म्हणजे ढोंगाची अपेक्षा नव्हे काय? समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या परिचारिकांच्या कामावर पुस्तक लिहिले. पगारासाठी दिवसभर हसावे लागते तेव्हा ते हसू हीच एक मजुरी होते आणि माणूस स्वतःच्याच भावनेला परका होतो, असे त्यांनी दाखवले. जी मजुरी आपण कामगारावर लादू नये म्हणतो ती अधिकाऱ्यावर कशी लादावी?

शिवाय राग नेहमी वाईटच असतो असेही नाही. पोषण आहाराच्या तांदळात किडे निघाले आणि मुख्याध्यापकाला राग आला नाही, तर तो मुख्याध्यापक कसला? मुलीची छेड काढणाऱ्याबद्दल शांतपणे ‘बघू’ म्हणणारा प्रमुख रागीट प्रमुखापेक्षा जास्त भयानक. आयोवाच्या प्रयोगातला तो तिसरा प्रमुख, काहीच न करणारा, त्याच्याही गटाचे भले झाले नव्हते. आणखी एक अनुभवाची गोष्ट सांगते. पुरुष रागावला की त्याला ‘कडक’ म्हणतात, बाई रागावली की ‘चिडकी’. तेव्हा ‘भावना आवरा’ हा उपदेश कुणाला किती केला जातो, हेही तपासले पाहिजे.

म्हणजे राग येऊ नये असे म्हणता येत नाही, आणि आलेला राग मोकाट सोडावा असेही म्हणता येत नाही. मग वाट कुठे आहे?

माझ्या परंपरेत मला दोन आधार सापडतात. पहिला न्यायदानाविषयीचा. रागाच्या अवस्थेत काझीने दोन माणसांमधला निवाडा करू नये, अशी पैगंबरांची सूचना हदीसमध्ये आली आहे. ती पुन्हा पुन्हा वाचण्यासारखी आहे. काझीने रागावू नये असे तिच्यात म्हटलेले नाही. राग येणे ही माणसाची प्रकृती आहे, हे तिथे गृहीतच आहे. पण राग असताना हातातली सत्ता वापरू नको, एवढीच अट आहे. भावना आणि निर्णय यांच्यामध्ये एक उंबरठा आहे, तो ओलांडण्याआधी थांब. यात ढोंग नाही आणि मोकाटपणाही नाही.

अब्राहम लिंकन यांची एक गोष्ट या सूचनेचे उदाहरण म्हणून सांगता येईल. जुलै 1863 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर जनरल मीड यांनी माघार घेणाऱ्या शत्रूला निसटू दिले, याचा लिंकन यांना अतिशय संताप आला. त्यांनी मीड यांना कडक पत्र लिहिले. मग ते पाठवलेच नाही. पाकिटावर न पाठवल्याची, सही न केल्याची नोंद करून ठेवून दिले. राग कागदावर उतरला, हुकूम झाला नाही. आमच्या स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यांना फार आवडली.

पण इतिहासात तिला एक पुरवणी आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. पत्र गेले नाही तरी राष्ट्राध्यक्ष नाराज आहेत हे सेनाप्रमुख हॅलेक यांच्या तारेतून मीड यांना कळलेच आणि त्यांनी तडकाफडकी पदमुक्त करण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. म्हणजे मोठ्या माणसाची नाराजी पाकिटात घालून ठेवली तरी फटीतून बाहेर येतेच. तोंड बंद ठेवल्याने भागत नाही. चेहरा बोलतो, बेल बोलते, अर्धा ठेवलेला चहा बोलतो.

म्हणून दुसरा आधार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आहे कुरआनातल्या ‘अबस’ या सूरेचा. बहुतेक भाष्यकार तिची पार्श्वभूमी अशी सांगतात. मक्केत पैगंबर कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. हे सरदार वळले तर अनेक माणसे वळतील अशी आशा होती. एवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध गृहस्थ आले आणि मधेच काही विचारू लागले. पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्यावर ही सूरा अवतरली आणि तिने या आठीबद्दल समज दिली. पुढे पैगंबर या अंध साथीदाराचा विशेष आदर करत. मदिनेत अजान देण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि पैगंबर बाहेरगावी जात तेव्हा काही वेळा त्यांना आपल्या जागी नेमून जात.

लहानपणी मदरशात ही गोष्ट ऐकली होती. मोठेपणी मी स्वतः बाके आणि फळा यांच्यामध्ये उभी राहू लागले तेव्हा तिच्यातली एक बारीक गोष्ट जाणवली. ते गृहस्थ अंध होते. त्यांना ती आठी दिसलीच नव्हती. शब्दाने त्यांचा अपमान झाला नव्हता. तरीही त्या आठीचा हिशेब झाला. आपण म्हणू, ज्याला दिसलेच नाही त्याचे काय नुकसान? याचे उत्तर मला असे सुचते की आठी कुणासाठी पडली आणि कुणासाठी पडली नाही, यातून समोरच्या माणसाची किंमत ठरवली जाते, आणि ती किंमत भोवतालचे सगळे बघत असतात. प्रमुख कुणाचे बोलणे कपाळाला आठी न घालता ऐकतो यावरून त्या ठिकाणचे लोक शिकतात, की इथे कुणाला बोलण्याचा हक्क आहे. संस्थाचालकांच्या फोनवर हसणारे सदरसाहेब आणि फी माफीसाठी आलेल्या बुरखेवाल्या बाईकडे न बघता ‘बाद में आओ’ म्हणणारे सदरसाहेब एकच होते. त्यांचा मिजाज तासाला बदलत नव्हता, माणसागणिक बदलत होता. मिजाज आणि मिजास यांत फरक करण्याची खूण मला इथे सापडते. जो राग वरच्यापुढे आपोआप आवरतो आणि खालच्यापुढे ‘आवरत नाही’ तो राग अनावर नव्हताच.

इथे लेख संपवता आला असता. पण मग तो एका माणसाविरुद्धची तक्रार ठरला असता, आणि मला उरलेली गोष्टही सांगितली पाहिजे.

2017 मध्ये सदरसाहेब निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात आम्ही रीतीप्रमाणे ‘शिस्तप्रिय’ वगैरे शब्द वापरले. शेवटी ते स्वतः बोलायला उभे राहिले आणि पहिल्यांदाच आम्हाला कळले की त्यांच्या पत्नीचे डायलिसिस गेली चार वर्षे चालू होते. आठवड्यातून दोनदा ते पहाटे तिला रुग्णालयात सोडून मग शाळेत येत. ज्या दिवशी स्कूटर आपटली जाई आणि चहा अर्धा राही ते दिवस कोणते होते, हे आम्ही मनातल्या मनात जुळवले. सभागृहात कुणी कुणाकडे बघेना.

मला तेव्हा काय वाटले ते सांगणे अवघड आहे. त्या दुःखाने फाईल भिरकावणे माफ होत नाही. तो मुलगा एक वर्षाने मोठा झाला तो झालाच. पण एक गोष्ट मला बोचत राहिली. पाच वर्षे रोज सकाळी आम्ही वीस-बावीस माणसे ‘मिजाज कैसा है’ हे विचारत होतो. उर्दूतला हा प्रश्न समोरच्याच्या डोळ्यांत बघून त्यालाच विचारायचा असतो. आम्ही तो चाचांना विचारत होतो. ज्याचा मिजाज होता त्याला एकदाही कुणी विचारला नाही. त्यांच्या धाकाने वाईट बातम्या त्यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या हे मी वर लिहिले. आमच्या मायेचा शब्दही त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. धाकाची भिंत दोन्ही बाजूंनी बंद असते. त्यांनी बांधली, आम्ही तिला गिलावा केला.

त्यांच्या जागी एक बाई मुख्याध्यापिका आल्या. रागवत नाहीत असे नाही, चांगल्याच रागावतात. पण पहिल्याच महिन्यात एके दिवशी त्या स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘आज माझे डोके ठिकाणावर नाही. घरचे कारण आहे, तुमच्यापैकी कुणाचे नाही. सहीचे कागद उद्या आणा. ज्याची मुदत आजच आहे त्याने मात्र आज आणायचा, मी काहीही बोलले तरी.’’ काझीला केलेल्या सूचनेचे हे मी पाहिलेले सर्वांत सोपे रूप. आपला मिजाज लपवला नाही, तो आमच्या माथी मारला नाही आणि मुदतीचा कागद अडू दिला नाही. चाचांचे हवामानखाते हळूहळू बंद पडले. एकदा त्यांनी एका नव्या शिक्षिकेला विनाकारण बोल लावले. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या देखत बोलल्या होत्या त्यांच्याच देखत माफी मागितली. आम्हाला वाटत होते, माफी मागितल्याने खुर्चीचा दरारा जातो. तसे काही झाले नाही. झाले एवढेच की त्याच आठवड्यात लिपिकांनी शिष्यवृत्तीच्या यादीतली आपली स्वतःची चूक स्वतःहून आत नेली.

मी कुणाची प्रमुख नाही. पण पंचेचाळीस मुलांच्या वर्गात मीच सदर मुदर्रिस असते आणि माझी आठी पंचेचाळीस जण वाचत असतात. वर्गात अलीकडे मी एक पद्धत ठेवली आहे. ज्या दिवशी मन ठीक नसेल त्या दिवशी हजेरीनंतर सांगून टाकते, ‘‘आज टीचरची तबियत जरा बिघडली आहे, तुमच्यामुळे नाही.’’ मुले समजूतदार असतात. मात्र ज्या सहावीतल्या मुलीला मी बोलले होते तिची माफी मागायचे राहून गेले. ती पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेली.

तो एक वर्षाने मोठा झालेला मुलगा मध्ये शाळेत आला होता. जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी जनरल रजिस्टरचा उतारा हवा होता. प्रतिज्ञापत्र, अर्ज, फेऱ्या सगळे चालू होते. पोलीस भरतीच्या वयोमर्यादेचा हिशेब तो बोटांवर करत होता. लिपिकांनी उतारा करून दिला, बाईंनी लगेच सही केली. जाताना त्याने मला सलाम केला आणि विचारले, ‘‘टीचर, वो गलती किसकी थी?’’ मी म्हटले, शाळेची. तो थोडा वेळ थांबला. बहुधा त्याला एखादे नाव हवे होते. माझ्याजवळ एक नव्हते, पुष्कळ होती, आणि त्यात एक माझेही होते. कारण तो कागद खणात पडला आहे हे लिपिकांनी त्या आठवड्यात मला सांगितले होते, आणि मी म्हटले होते, ‘‘आज रहने दो.’’